बेसा-बेलतरोडीकडलं पाणी नेमकं जातं कुठं?

नागपूरच्या कडेकडेनं जे नागपूर वाढून राहिलं, म्हणजे बेसा, बेलतरोडी, पिपळा, हुडकेश्वर, नरसाळा, तिकडं गोधनी, दाभा, वाडी, यातल्या कोणत्याही ले-आउटमध्ये जाऊन विचारा की बाबा इथं त्रास काय आहे, तर यादी जवळपास सारखीच मिळते. एप्रिलमध्ये बोअर आटतो. जुलैमध्ये रस्त्यावर गुडघाभर पाणी. सेप्टिक टँक भरून वाहते. संध्याकाळी अंगणात बसू देत नाहीत इतके डास. आणि बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर कोणीतरी कचरा जाळून राहिलंय. लोक मग पाच तक्रारी घेऊन पाच ऑफिसांत फिरतात, ग्रामपंचायत किंवा नगर पंचायत म्हणते एनएमआरडीएकडे (म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) जा, एनएमआरडीए म्हणतं ते आमच्याकडं नाही. पण यातल्या पहिल्या चार तक्रारी खरं तर एकाच गोष्टीच्या आहेत, आणि ती म्हणजे या जमिनीवर पडणारं, तिच्यातून उपसलेलं आणि परत तिच्यातच सोडलेलं पाणी. हे एकदा नीट समजलं की कोणाकडं काय मागायचं तेही कळतं, म्हणून जरा खोलात जाऊ.

आधी हे की घरं कशी आली. शहराच्या जुन्या भागात नागपूर सुधार प्रन्यास १९३६ पासून आहे, आणि प्रन्यासच्या चांगल्या स्कीम्समध्ये रस्ता, नाली, गडरलाइन (सांडपाण्याची पाइपलाइन) हे सगळं कागदावर आधी यायचं आणि घर नंतर. बाहेरच्या पट्ट्यात झालं उलटं. शेत विकलं गेलं, कुठल्या तरी गृहनिर्माण संस्थेनं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले, तीस बाय पन्नासचे, आणि मध्यमवर्गीय माणसानं पीएफ काढून घेतले. मग नियमित कसं करायचं हा प्रश्न. २००१ साली असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला आणि नागपुरात नियमित करायच्या यादीतले ५७२ ले-आउट आणि १९०० ले-आउट हे आकडे इतके रोजच्या बोलण्यातले झाले की लोक पत्ता सांगतानासुद्धा वापरतात. २०१७ मध्ये महानगर क्षेत्रासाठी एनएमआरडीए आलं, आसपासची सातशेच्या वर गावं त्यात. तोवर घरं उभी झालेली होती. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर मिळालं, डिमांड म्हणजे विकास शुल्क भरलं, बँकेनं लोन दिलं, फक्त जमिनीखाली पाइप नाही. म्हणून प्रत्येकानं आपापली सोय केली, एका कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या कोपऱ्यात सेप्टिक टँक. हे वाक्य वाचताना कोणाला काहीच वावगं वाटत नाही, आणि गडबड तिथंच आहे.

सेप्टिक टँकबद्दल आपल्याकडं असा समज आहे की त्यात गेलेलं सगळं तिथंच संपतं. संपत नाही. वरण तासभर तसंच ठेवलं की घट्ट खाली बसतं आणि वर पाणी राहतं, टँकमध्ये तेवढंच होतं. खालचा गाळ जिवाणू थोडाफार कुजवतात, आणि वरचं पाणी पुढच्या पाइपातून बाहेर पडतं, ते दिसायला जरा बरं असलं तरी रोगजंतू त्यात भरपूर असतात आणि विरघळलेलं अमोनियासुद्धा. हे बाहेर पडलेलं पाणी शोषखड्ड्यात जायला पाहिजे, तिथून मातीत, आणि माती त्याला गाळून साफ करते. म्हणजे खरं ट्रीटमेंटचं काम टँकमध्ये कमी आणि मातीत जास्त होतं. आता प्रश्न येतो आपली माती कशी आहे.

नागपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला बऱ्याच भागात वर काळी माती आणि खाली बेसाल्ट, म्हणजे तोच आपला काळा दगड. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी खाली जाणं जवळपास थांबतं, त्यामुळं जून उलटला की शोषखड्डा शोषणं बंद करतो आणि टँक उलटी येते, लोक म्हणतात बांधकाम खराब केलं, मिस्त्रीला शिव्या घालतात, मिस्त्रीचा दोष असतोही कधीकधी, पण माती तरी काय करणार. आणि जिथं मातीचा थर पातळ आहे, मुरमाच्या खाली लगेच दगड लागतो, तिथं उलटा प्रकार. बेसाल्टला भेगा असतात. त्या भेगांतून पाणी झपाझप खाली जातं, गाळलं न जाता. टँक कधीच भरत नाही म्हणून घरमालक खूश, आणि त्याचं ते पाणी पोचतं त्याच भेगांमध्ये जिथून त्याच्या, किंवा शेजाऱ्याच्या, बोअरला पाणी येतं.

शोषखड्डा आणि विहीर-बोअर यांच्यात साधारण १५ ते १८ मीटर अंतर पाहिजे असं इंजिनिअरिंगची पुस्तकं सांगतात, म्हणजे पन्नास-साठ फूट. आता आपला प्लॉट आठवा, तीस बाय पन्नास. स्वतःच्या बोअरपासून कसंबसं अंतर सांभाळलं तरी मागच्या घराचा खड्डा दहा फुटावर असतो. एकेका घराला विचाराल तर प्रत्येकानं बरोबर केलंय, सगळे मिळून चुकलंय. पाण्याचा हिशोबही बघा, शहरी घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे चार जणांच्या घरातून रोज चारशे लिटरच्या वर, आणि दोनशे घरांचा ले-आउट असेल तर रोज ८५ हजार लिटरच्या आसपास. रोज. हे सगळं त्या दहा-पंधरा एकरांतच मुरवायचं आणि तिथूनच प्यायचं.

अमोनिया मातीतल्या जिवाणूंमुळं नायट्रेट बनतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं तर सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, म्हणून बोअरच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून देऊ नका हे बाळंतिणीच्या घरी सांगायलाच पाहिजे. आणि इथं आपल्याकडचा हमखास उपाय उलटा पडतो, पाणी उकळलं की जंतू मरतात हे खरं, पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळं थोडं वाढतंच. साधा कँडलवाला फिल्टर, यूव्ही, यानंही जात नाही. आरओनं बरंच कमी होतं पण तो जितकं देतो त्याच्यापेक्षा जास्त पाणी बाहेर फेकतो, ते निदान बादलीत धरून पोछ्याला तरी वापरा.

म्हणून पहिलं काम एकदम स्वस्त आहे, तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची, म्हणजे जीएसडीएची लॅब हे काम करते. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, त्याच्याकडं जंतूंच्या तपासणीची छोटी बाटली मिळते, पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, आणि एकट्या घराचं नको, ले-आउटच्या चार कोपऱ्यांतले चार नमुने द्या, कारण चार रिपोर्ट एकत्र लावून ऑफिसात गेलं की साहेबाला "तुमच्याच घरचा प्रॉब्लेम असेल" म्हणता येत नाही.

मग गडरलाइन येईपर्यंत करायचं काय? कारण ती यायला वेळ लागणारच. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा साधारण १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर होऊन किती वर्षं झाली आणि नदी कशी दिसते ते रोज पुलावरून जाणाऱ्याला माहीत आहे. आणि तो तर शहरासाठी. आपल्या दक्षिणेकडच्या ले-आउटांचे नाले पोहरा नदीत, तिथून नाग, मग कन्हान, मग वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या धरणात. म्हणजे इथला मैला भंडाऱ्याकडच्या लोकांच्या दारात. ते लोक इतकी वर्षं ओरडून राहिले, आपण ऐकलं का?

माझं मत असं की मोठ्या लाइनची वाट पाहत बसण्यापेक्षा ले-आउटपुरतं छोटं ट्रीटमेंट करणं जास्त शहाणपणाचं. आणि यासाठी लांब जायची गरज नाही, नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, नागपुरातच आहे, वर्धा रोडवर, आणि नीरीचंच फायटोरिड नावाचं तंत्र आहे. कल्पना सोपी आहे. सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी एका बंदिस्त उथळ हौदात सोडायचं, हौदात गिट्टी भरलेली, वर कर्दळ, पाणकणीस अशी पाण्यात जगणारी झाडं लावलेली. मुळांवर आणि गिट्टीवर जिवाणूंचा थर जमतो, तो पाण्यातली घाण खातो, झाडं नायट्रोजन घेतात. पाणी गिट्टीच्या पोटातून जातं, वर उघडं राहत नाही, म्हणून वासही कमी आणि डासही कमी. वीज फार लागत नाही. निघालेलं पाणी पिण्याचं नाही हे लक्षात ठेवा, पण बगिच्याला, बांधकामाला, धुळीवर मारायला चालतं. एकदा बांधलं की विसरून जाता येत नाही, आधीची टँक उपसावी लागते, झाडं छाटावी लागतात, आणि वर्गणी न देणारे दोन-चार जण प्रत्येक ले-आउटमध्ये असतातच. मोठ्या प्रमाणावर हेच नागपूरनं करून दाखवलंय, भांडेवाडीच्या एसटीपीतलं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं, शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं आणि तेवढं चांगलं पाणी वाचतं. म्हणजे घाण पाण्याला गिऱ्हाइक मिळू शकतं हे इथंच सिद्ध झालंय.

ते होईपर्यंत घरापुरतं: टँक दोन-तीन वर्षांनी उपसायची, भरून वाहायची वाट नाही पाहायची. उपसणाऱ्या टँकरवाल्याला विचारायचं की बाबा हे रिकामं कुठं करतो, कारण बऱ्याचदा ते रात्री पुढच्या नाल्यातच रिकामं होतं, तुम्ही पैसे देऊन आपलीच घाण अर्धा किलोमीटर पुढं सरकवली. याला उत्तर म्हणजे मैला उपसणाऱ्या गाड्यांची नोंदणी आणि त्यांना गाळ टाकायला अधिकृत जागा, हे काम नगर पंचायतीचं आणि एनएमआरडीएचं आहे, आणि मागितल्याशिवाय होणार नाही. टँकच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, शंभर रुपयांचंही काम नाही. रात्री चावणारा क्युलेक्स डास तिथंच वाढतो, फॉगिंगच्या धुरानं टँकमधल्या त्याच्या अळ्यांना काही होत नाही. डेंग्यूचा डास वेगळा, तो दिवसा चावतो आणि साफ पाण्यात अंडी घालतो, म्हणजे कूलर, टाकी, टायर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कूलर पूर्ण कोरडा करा.

आता उन्हाळ्याच्या पाण्याकडं. लोकांना वाटतं की शहराची पेंचची लाइन आली की सुटलो. २०१९ आठवा. पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण कोरडं पडलं आणि जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. पेंच मध्य प्रदेशातून येते आणि वर चौराई धरण झाल्यापासून खाली येणारं पाणी कमी झालंय. म्हणजे लाइन आली तरी त्या लाइनीत किती पाणी असेल ते आपल्या हातात नाही. हातात आहे ते छतावरचं. नागपुरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळं हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ९० हजार लिटरच्या वर पाणी पडतं, वीस टक्के वाया गेलं धरलं तरी सत्तर-पंचाहत्तर हजार लिटर उरतं. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर पंधराएक टँकर, फुकट.

पण ते थेट बोअरमध्ये सोडायचं नाही, हे कळकळीनं सांगतो, कारण छतावरची पहिल्या पावसाची धूळ, पक्ष्यांची घाण, सगळं सरळ भूजलात जातं आणि मग ते धुऊन काढता येत नाही. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या, मग गिट्टी-रेती-कोळशाच्या फिल्टरमधून सोडा. त्याहूनही चांगलं म्हणजे जुनी विहीर. शेत होतं तिथं विहीर असायचीच, ले-आउट पडल्यावर ती एक तर बुजवली किंवा निर्माल्य आणि थर्माकोल टाकायची जागा झाली. गाळ काढून, कठडा बांधून, वरून जाळी टाकून आसपासच्या वीस घरांच्या छतांचं पाणी फिल्टर करून तिच्यात सोडलं तर मार्चमध्ये बोअरला फरक पडतो. मात्र सेप्टिकचा विषय तसाच ठेवून फक्त हे केलं तर उपयोग अर्धाच.

पुराचं गणितही याच जमिनीचं. दहा एकराचं शेत घ्या, त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे वीस लाख लिटर पाणी. शेत असताना त्यातलं पाच-सहा लाख लिटर वाहून जायचं, बाकी मुरायचं, बांधाला अडायचं. तिथं स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट रोड आले की पंधरा-सोळा लाख वाहतं, आणि लवकर वाहतं. नाला मात्र तेवढाच, किंवा त्याहून कमी, कारण नाल्यात भरण टाकून कोणीतरी दोन प्लॉट वाढवलेत. त्यात आपले सिमेंट रोड. जुन्या रस्त्यावरच थर टाकत गेले, रस्ता घराच्या ओट्यापेक्षा वर, आता रस्ता हाच नाला आणि घर हीच टाकी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत जे झालं ते तर शहराच्या जुन्या, चांगल्या म्हणवणाऱ्या वस्त्यांत झालं, रात्रीच्या काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि लोक पलंगावर उभे. माणसं गेली त्यात. तिथं निदान नाल्या होत्या, बाहेरच्या ले-आउटांत तेवढ्याही नाहीत.

उपाय इथं तांत्रिक कमी आणि भांडणाचा जास्त. गाव नकाशात नाला कुठं होता ते दिसतं, तो तलाठ्याकडं किंवा भूमी अभिलेखमध्ये मिळतो, त्यावर आजचा ले-आउट ठेवून बघायचा. नाला अडवलेला दिसला की फोटोसकट लेखी तक्रार, सगळ्यांच्या सह्यांनी. नवीन रस्ता करताना जुना थर खरडून काढायची अट आधी घालायला लावायची, काम सुरू झाल्यावर ठेकेदार ऐकत नाही. अंगणात पूर्ण पेव्हर ठोकायचे नाहीत, चिखल होतो म्हणून सगळे ठोकतात, मान्य आहे, पण एक चतुर्थांश तरी माती ठेवा.

गरमीचं थोडक्यात. मे २०१३ मध्ये नागपूर ४७.९ अंशांवर गेलं होतं, पण आकडा दुपारचा असतो आणि त्रास रात्रीचा असतो, सिमेंटचा रस्ता, स्लॅब दिवसभर तापतात आणि रात्री ती गरमी बाहेर टाकतात, आजूबाजूला झाड नाही, ओली माती नाही, त्यात प्रत्येक घराचा एसी आपली गरम हवा शेजाऱ्याकडं फेकून राहिला. गच्चीवर पांढरा चुना मारणं हा एकदम साधा आणि काम करणारा उपाय आहे, वरच्या खोलीत फरक जाणवतो. झाडं लावायची तर कडुनिंब, करंज, जांभूळ, बकुळ, आणि बुंध्याभोवती एक मीटर जागा उघडी ठेवून. पाच जूनला मंत्र्यांच्या हातून हजार रोपं लावण्यापेक्षा आहे ती शंभर झाडं सिमेंटच्या गळफासातून सोडवली तर जास्त सावली मिळेल, पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

कचऱ्याचं आणि धुळीचं लोक जास्त बोलतात म्हणून मी कमी बोलतो. ओला-सुका वेगळा करा हे २०१६ पासून नियमात आहे. घंटागाडी येत नसेल तिथं ओला कचरा घरीच किंवा ले-आउटच्या खड्ड्यात जिरवला तर उरलेला सुका आठवडाभर घरात ठेवता येतो, सडत नाही, आणि जाळायची वेळ येत नाही. प्लास्टिकचा धूर कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या धुराड्यांना शिव्या देणाऱ्या माणसाच्या नाकात थेट पहिल्यांदा जातो, धुराडं निदान उंच असतं. अर्थात तिकडच्या गावांचा राखेचा त्रास खरा आणि मोठा आहे, जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा शेतं आणि नाले राखेनं भरले होते, तो वेगळ्या लेखाचा विषय.

एका जागेवर मात्र आत्ताच लक्ष ठेवा, ती म्हणजे ले-आउटच्या नकाशातली मोकळी जागा आणि पब्लिक युटिलिटीचा प्लॉट. फायटोरिड, पाणी मुरवायचा खड्डा, कंपोस्ट, काहीही करायचं तर हीच जागा लागेल. आणि सगळ्यात आधी हीच जाते, आधी एक ओटा, मग शेड, मग देऊळ किंवा कोणाच्या तरी नावाचं वाचनालय, मग हात लावायची कोणाची हिंमत नाही. मंजूर नकाशाची कॉपी काढून त्या जागेवर फलक लावा आणि सांडपाण्याच्या कामासाठी ती राखून ठेवा असा ठराव सोसायटीकडून एनएमआरडीएला द्या, ग्रामपंचायत किंवा नगर पंचायत असेल तर तिलाही प्रत.

आणि जे अजून प्लॉट शोधून राहिले त्यांच्यासाठी. ब्रोकर प्लॉट नेहमी डिसेंबर ते मेमध्येच दाखवतो, जमीन कोरडी, रस्ता स्वच्छ. तुम्ही मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी एकटे जा. आरएल आहे का हे सगळेच विचारतात, तुम्ही शेजारच्या घरी जाऊन विचारा की बोअर किती फुटांवर लागला, मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात आटला, सेप्टिक टँक किती दिवसांनी उपसता, आणि या नालीचं पाणी पुढं कुठं जातं. शेवटच्या प्रश्नावर तो माणूस समोरच्या रिकाम्या प्लॉटकडं बोट दाखवत असेल तर आधी तो रिकामा प्लॉट कोणाचा आहे ते विचारून घ्या, कारण ब्रोकर तुम्हाला तोच विकत असेल.